लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी पहिल्यांदा करताना

आतड्याचं अस्तर किती गळतं हे बघायला या दोन शर्करांचं द्रावण पाजून त्या लघवीत किती उतरतात ते मोजायचं, पण नुसत्या लॅक्टुलोजच्या आकड्यावर जाऊ नकोस. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो निरोगी आतड्यातूनही बऱ्यापैकी झिरपतो. लॅक्टुलोजचा जवळपास दुप्पट जड, तो पेशींमधले सांधे सैल झाले की जास्त आत शिरतो. म्हणून लघवीतलं दोघांचं गुणोत्तर बघायचं. पोट हळू रिकामं झालं किंवा मूत्रपिंड मंद असलं तर दोन्ही शर्करा साधारण सारख्याच घटतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगम आदल्या दिवशीपासून बंद. त्यांत कधीकधी मॅनिटॉलच असतं. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनीही ते सांधे सैल होतात, त्यांच्याबद्दल तर खोदून खोदून विचार, माझे दोन दिवसांचे नमुने त्यापायीच वाया गेले. आणि द्रावण पाजण्याआधीची लघवी घ्यायला विसरू नकोस, प्लीज!