शॉक बसतो, लागतो की होतो?

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. 'शॉक' आला की दर वेळी 'धक्का' लिहिते आणि मजकूर तांबड्या खुणांसह परत येतो. 'धक्का'मध्ये चूक काय? आणि 'आघात', 'हादरा', 'झटका', 'धसका' यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'धक्का' चूक नाही, मात्र प्रत्येक ठिकाणी तो चालत नाही. इंग्रजीत एकच नाम सगळीकडे मिरवतं. मराठीत नामाबरोबर क्रियापदही बदलतं, आणि खरा अर्थ बऱ्याचदा त्या क्रियापदात असतो. म्हणून नाम शोधण्याआधी क्रियापद ठरवा.

एकटा 'धक्का'च पाहा. वाईट बातमीचा धक्का बसतो. गर्दीत शेजारच्याचा धक्का लागतो. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतात. निकालाने एखाद्या पक्षाला धक्का दिला जातो. 'केसालाही धक्का लागला नाही' म्हणजे काही इजा झाली नाही. (बोटी लागतात तो धक्का निराळा.) मनाच्या बाबतीत 'बसला' हेच क्रियापद हवं. 'तिला बातमीचा धक्का लागला' असं लिहिलंत, तर बातमी लोकलच्या दारात उभी होती की काय, असं वाटेल.

धक्का क्षणाचा असतो, धसका टिकतो. शिवाय धसका माणूस स्वतः 'घेतो' : 'नापास झाल्यावर त्याने परीक्षेचाच धसका घेतला.' मूळ इंग्रजी वाक्यात 'तेव्हापासून', 'अजूनही' असं काही असेल, तर बहुतेक वेळा हाच शब्द बसतो. अनुवादात तो फारसा दिसत नाही, कारण शब्दकोशात 'शॉक'समोर पहिला 'धक्का' असतो आणि आपण तिथेच थांबतो.

बातमी कळण्याआधीच्या क्षणासाठी वेगळी सोय आहे. रात्री दोनला फोन वाजला की काळजात 'धस्स' होतं, दुसऱ्याचे हाल पाहून 'चर्र' होतं. या दोन्ही जागी 'धक्का बसला' लिहिलं तर वाक्य पांगळं होतं.

हादरा उभ्या, भक्कम गोष्टीला बसतो : इमारत, पूल, सरकार, घराणं. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेच्या भूकंपाचे धक्के दूरवर जाणवले. घरांना हादरे बसले आणि माणसं हादरली. तिन्ही प्रयोग बरोबर आहेत. 'हबकणे' मात्र जिवंत प्राण्यालाच शक्य आहे, इमारत हबकत नाही.

'आघात' संस्कृतातला, 'हन्' म्हणजे मारणे या धातूपासून आलेला. अपघात, पक्षाघात, उष्माघात ही त्याचीच भावंडं. तो 'होतो' आणि जखम मागे ठेवतो. त्यामुळे 'ट्रॉमा'साठी तो राखून ठेवावा. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही जखम असाच आहे. गंमत म्हणजे धक्का 'सुखद' असू शकतो, आघात कधीच नाही. जिथे 'सुखद' जोडून पाहिलं तर वाक्य हास्यास्पद होईल, तिथे 'आघात' हा शब्द चालतो का ते तपासा.

झटका 'येतो' : हृदयविकाराचा, फिट्सचा, लहरीचाही. हिंदीतला 'दिल का दौरा' इथे आणू नका. मराठीत दौरा मंत्र्यांचा असतो. विजेसाठी झटका, धक्का, शॉक, करंट असं सगळं चालतं आणि 'लागला', 'बसला' दोन्ही ऐकू येतं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. गॅरेजमधल्या 'शॉकअप'ला तर हातही लावू नका.

प्रश्न : प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत 'अपघातानंतर रुग्णाला धक्का बसू शकतो' असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. वैद्यकातल्या शॉकचा बातमी ऐकून हादरण्याशी संबंध नाही. रक्तस्राव, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणं, गंभीर जंतुसंसर्ग, हृदयाचं काम बिघडणं किंवा तीव्र ॲलर्जी यांमुळे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, ती ही अवस्था. अंग गार आणि घामेजलेलं, नाडी जलद पण क्षीण, रुग्ण अस्वस्थ किंवा गुंगीत, ही तिची नेहमीची लक्षणं. जंतुसंसर्गात मात्र सुरुवातीला अंग गरमही लागू शकतं.

'धक्का' वाचणारा माणूस रुग्णाला धीर देत बसेल आणि वर पाणी पाजेल. नुसत्या धीराने इथे भागत नाही, आणि पाणी तर द्यायचंच नसतं. म्हणून असं लिहा : 'रुग्ण शॉकच्या अवस्थेत जाऊ शकतो, म्हणजे शरीराला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडतो. 108 ला फोन करा. त्याला आडवं झोपवा, वाहतं रक्त दाबून थांबवा, पांघरूण घाला, तोंडाने काही देऊ नका.' इथे 'शॉक' हा शब्द तसाच ठेवणं हेच चांगलं मराठी आहे. डॉक्टर आणि नर्स तोच वापरतात.

प्रश्न : 'मी शॉक झालो' आणि 'कुटुंब धक्क्यात आहे' हे प्रयोग योग्य आहेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिला बोलण्यात रुळलाय, लेखनात टाळावा. 'मला शॉकच बसला' हे निदान मराठी वळणाचं आहे. दुसरा थेट इंग्रजी-हिंदी साच्यातला. मराठीत धक्क्यात कोणी 'असत' नाही, धक्क्यातून 'सावरतं' : 'कुटुंब अजून सावरलेलं नाही.' शोकसंदेशात 'सुन्न झालो' किंवा 'विश्वास बसत नाही' पुरेसं आहे. अकाली मृत्यूसाठी 'चटका लावून गेले' आहेच. 'धक्कादायक निधन' मात्र नको. निधन आकस्मिक असतं, धक्कादायक असते ती बातमी. आणि तीही रोज दहा वेळा नसते.

प्रश्न : 'कल्चर शॉक'ला काय म्हणावं? मुलगी शिकायला जर्मनीत गेली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : 'सांस्कृतिक धक्का' छापील लेखात चालेल. पण हा प्रकार एका दणक्यात होत नाही, महिनोन्‌महिने रेंगाळतो. मुलीबद्दल घरी सांगताना 'अजून बुजलेली आहे' किंवा 'बावरलीय' म्हणा.