पेपरच्या दिवशी हात गार पडतात

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. सराव परीक्षेत तिचे हात गार पडले आणि पाठ असलेले उत्तरही आठवेना. काय करावे? – एक पालक, देवगड तालुका

उत्तर : धास्तीने शरीरात अॅड्रेनलिन वाढते आणि त्वचेकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात, हा आजार नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेवावे. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सावकाश सोडावा, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. मग येणाऱ्या प्रश्नापासूनच लिहायला घ्यावे. उपाशी पाठवू नये, पेजभात पुरे. एसटी मात्र एक आधीची धरावी. निम्मी धास्ती, माझ्या मते, गाडीचीच असते. थांब्यावर ‘झाला का अभ्यास?’ असे विचारणाऱ्यांना (ते भेटतातच) उत्तर तुम्हीच द्यावे.