समोर मूलच नव्हते, मग गुन्हा कसला?

प्रश्न : अमेरिकेत पोलिस अल्पवयीन मुलगी असल्याचे भासवून चॅट करतात आणि भेटायला येणाऱ्याला पकडतात. मुलगीच नसताना शिक्षा कशाची? आणि ही पोलिसांचीच चिथावणी नव्हे का?

उत्तर : शिक्षा प्रयत्नाची. तिथल्या संघीय कायद्यात सगळ्या गुन्ह्यांना लागू पडेल असे प्रयत्नाचे सरसकट कलम नाही. ज्या त्या कलमात ते लिहिलेले असावे लागते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला इंटरनेटवरून लैंगिक कृत्यासाठी फूस लावण्याच्या कलमात (टायटल 18, कलम 2422 बी) ते आहे. प्रयत्नालाही पूर्ण गुन्ह्याइतकीच शिक्षा : किमान 10 वर्षे, कमाल जन्मठेप. ‘खरे मूल नव्हतेच’ हा बचाव अपील न्यायालये फेटाळत आली आहेत, आणि ते योग्यच आहे. समोर कोण आहे असे आरोपी समजत होता, यावरून त्याचा हेतू ठरतो.

खटला खरा अडतो तो वयावर. प्रोफाइलवर 19 लिहिलेले आणि ‘मी 14 ची’ हे एकदाच ओझरते आलेले, असे असेल तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो : त्याला ती प्रौढ बाईच वाटली, दोघांचा कल्पनेचा खेळ चालला होता. याउलट वय कळल्यावर त्याने ‘आई घरी कधी नसते?’, ‘हे मेसेज डिलीट कर’ असे लिहिले, तर तो काय समजत होता हे त्याच्याच शब्दांत नोंदले जाते.

हेतूबरोबर ठोस पाऊलही लागते. ठरल्या जागी जाणे, हॉटेलची खोली घेणे ही नेहमीची उदाहरणे. पण गुन्हा फूस लावण्याचा असल्यामुळे प्रवास झालाच पाहिजे असे नाही. नुसती अश्लील बडबड मात्र पुरत नाही : 2008 मध्ये सातव्या सर्किटच्या (संघीय न्यायालयांच्या एका प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने अशीच एक शिक्षा रद्द केली, कारण भेटीचे काहीच ठरलेले नव्हते.

चिथावणीबद्दल : पोलिसांनी संधी देणे चालते, मनात नसलेला हेतू पेरणे चालत नाही. जेकबसन खटल्यात सरकारी यंत्रणांनी 26 महिने बनावट पत्रे पाठवून एका माणसाला बाल-अश्लील मासिक मागवायला लावले. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी शिक्षा रद्द केली. सरकारने संपर्क साधण्याआधीच त्याचा तसा कल होता, हे सिद्ध झाले नव्हते. म्हणून लैंगिक विषय आधी कोणी काढला, नकारानंतर पाठपुरावा कोणी केला, हे पाहायला पहिल्या ‘हाय’पासूनची अखंड चॅट लागते. निवडक स्क्रीनशॉट जोडले की चांगला खटलाही डळमळतो.