वाचकांचे प्रश्न : रिक्वेस्ट नेमकी कुठे अडते?

पाच वर्षे पीएचपीमध्ये काम करतो आहे. नोड खूप वेगवान आहे असे सगळे सांगतात. पुढचा प्रकल्प नोडमध्ये घ्यावा का?

आधी दोघांची कामाची पद्धत पाहा, वेगाचा प्रश्न नंतरचा. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस चालवणाऱ्या व्यवस्थेत) एका वेळी एक प्रोसेस एकच रिक्वेस्ट हाताळते. काम संपले की त्या रिक्वेस्टची मेमरी पुसली जाते आणि पुढची रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. त्यामुळे एखाद्या पानात चूक झाली तर तेवढेच पान पडते. नोडमध्ये एकच प्रोसेस सतत चालू असते आणि शेकडो रिक्वेस्ट एकाच थ्रेडवर आळीपाळीने पुढे सरकतात. तिथे न पकडलेली एक एरर सगळी प्रोसेस खाली आणू शकते. आवृत्ती १५ पासून तर न हाताळलेले प्रॉमिस रिजेक्शनही (मागाहून पुऱ्या होणाऱ्या कामातले अपयश) डीफॉल्टने प्रोसेस बंद पाडते.

तुमच्या साइटवर फॉर्म, याद्या, अहवाल असे काम असेल तर पान उघडायला लागणारा वेळ बहुतेक डेटाबेसमध्ये जातो. भाषा बदलून तो कमी होत नाही. शिवाय लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल), लॉगिन, सीएसआरएफ (बनावट रिक्वेस्टपासून) संरक्षण एकत्र बसवलेले मिळते. नोडवरच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये यातले प्रत्येक पॅकेज तुम्हालाच निवडावे लागते आणि पुढे अद्ययावत ठेवावे लागते. नोड घ्यावे ते चॅट, थेट सूचना, किंवा एका रिक्वेस्टमागे चार बाहेरच्या एपीआयची वाट पाहणे अशा कामासाठी. तिथे पीएचपीची प्रत्येक प्रोसेस नुसती वाट पाहत अडकून पडते.

पीएचपीतच राहणार असाल तर मॅक्स चिल्ड्रनचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालतील याचा, आकडा अंदाजाने टाकू नका. २ जीबी मेमरीतून डेटाबेस आणि सिस्टिमसाठी ६०० एमबी बाजूला काढा. एक प्रोसेस ४० एमबी घेत असेल तर उरलेल्या १४०० एमबीत ३५ प्रोसेस बसतात. आकडा १०० ठेवला तर गर्दीच्या वेळी स्वॅप (मेमरी अपुरी पडून डिस्कचा वापर) सुरू होतो आणि सगळेच रांगते. फार कमी ठेवला तर रिक्वेस्ट रांगेत थांबतात आणि पुढे बसलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स डीफॉल्टप्रमाणे ६० सेकंद वाट पाहून ५०४ (वेळ संपल्याची एरर) देतो.

नोडवरचे आमचे एपीआय एरवी छान चालते. कोणी मोठी एक्सेल फाइल चढवली की सगळ्यांचेच अडते. सगळीकडे असिंक-अवेट वापरले आहे. मग असे का?

असिंक लिहिले म्हणून काम दुसऱ्या थ्रेडवर जात नाही, हा गैरसमज फार महागात पडतो. अवेट फक्त वाट पाहण्याचा वेळ मोकळा करते. फाइलमधल्या ओळी वाचणे, मोठे जेसन पार्स करणे, वाईट लिहिलेला रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारे सूत्र) ही सगळी सीपीयूची कामे मुख्य थ्रेडवरच होतात. एका रिक्वेस्टला ३०० मिलिसेकंद सीपीयू लागत असेल आणि अशा दहा एकदम आल्या, तर दहावीचे उत्तर ३ सेकंदांनी मिळते. त्यांच्यामागे आलेली साधी लॉगिनची रिक्वेस्टही तेवढीच खोळंबते.

आधी मोजा. नोडच्या परफॉर्मन्स हुक्समध्ये इव्हेंट लूपचा (मुख्य थ्रेडवर कामे आळीपाळीने चालवणाऱ्या चक्राचा) उशीर मोजण्याची सोय आहे. तो आकडा शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल तर निदान पक्के. फाइल स्ट्रीम करून तुकड्यातुकड्याने वाचा आणि जड भाग वर्कर थ्रेडवर टाका. दर रिक्वेस्टला नवा वर्कर मात्र उघडू नका; कोअरइतक्या वर्करचा पूल ठेवा. पासवर्डच्या हॅशिंगकडेही लक्ष द्या. नेटिव्ह बीक्रिप्टची असिंक पद्धत लिबयूव्ही या नोडच्या आतल्या लायब्ररीच्या थ्रेडपूलवर जाते, पण त्यात डीफॉल्टने चारच थ्रेड असतात. निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले पॅकेज असेल तर तो भार मुख्य थ्रेडवरच येतो. यावर उपाय म्हणून अनेक प्रोसेस चालवणार असाल तर सेशन मेमरीत ठेवू नका, रेडिस (सगळ्या प्रोसेसना वापरता येणारा वेगळा साठा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवा. नाहीतर वापरकर्ता मधूनच लॉगआउट झालेला दिसेल.

जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमधले ऑर्डरच्या यादीचे पान संथ आहे. पायथॉनच मंद असल्यामुळे गो भाषेत पुन्हा लिहावे का?

थांबा, आधी डीबग टूलबार लावून त्या पानाच्या क्वेरी मोजा. ५० ऑर्डर आणि प्रत्येकीसमोर ग्राहकाचे नाव असेल तर यादीसाठी १ अधिक नावांसाठी ५० अशा ५१ क्वेरी जात असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक क्वेरीला जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद धरले तरी २०० मिलिसेकंद त्यातच जातात. गोमध्ये हाच लूप लिहिलात तर तितक्याच क्वेरी जातील.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या एका नोंदीचा दुवा) असेल तर सिलेक्ट रिलेटेड वापरा, जॉइन होऊन एका क्वेरीत काम भागते. मेनी-टू-मेनी (दोन्ही बाजूंना अनेक नोंदी) असेल तर प्रीफेच रिलेटेड. इथे एक सापळा आहे: प्रीफेच केल्यावर लूपच्या आत पुन्हा फिल्टर लावला तर आणलेला डेटा वापरला जात नाही, नवी क्वेरी जाते. रेल्स, लाराव्हेल, हायबरनेट, सगळीकडे हीच चूक वेगवेगळ्या वेशात भेटते.

गो चांगलीच आहे. एकच बायनरी सर्व्हरवर टाकायची, गोरुटीन (गोमधले हलके थ्रेड) साधारण २ केबी स्टॅकपासून सुरू होते, हजारो जोडण्या सहज पेलतात. पण दोन गोरुटीननी एकाच मॅपमध्ये एकदम लिहिले तर प्रोग्रॅम कोसळू शकतो, आणि हे रिकव्हरने (गोमधल्या पडझड सावरण्याच्या सोयीने) सावरता येत नाही. म्युटेक्स (एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप) लावा आणि टेस्ट रेस डिटेक्टर (अशा टकरी शोधणारे साधन) चालू ठेवूनच चालवा.

सर्व्हरवर आयडी बरोबर आहे, ब्राउझरमध्ये शेवटचा आकडा बदलतो. बग कुणाचा?

जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. जावा, गो किंवा डेटाबेसमधला ६४ बिटांचा आयडी त्यापुढे गेला की जवळच्या संख्येवर सरकतो. असे आयडी जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवा.

सर्व्हरलेसवर गेल्यापासून गर्दीच्या वेळी पोस्टग्रेस डेटाबेस नवी जोडणी नाकारते.

लॅम्डाचा (ॲमेझॉनच्या सर्व्हरलेस सेवेचा) एक इन्स्टन्स सहसा एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो. १५० एकदम आल्या तर १५० इन्स्टन्स आणि किमान तितक्याच जोडण्या. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा आहे १००. मर्यादा वाढवत नेऊ नका, कारण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे वेगळी प्रोसेस. मध्ये पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ) ठेवा आणि ट्रान्झॅक्शन मोड लावा, म्हणजे जोडणी एका ट्रान्झॅक्शनपुरतीच मिळते. त्या मोडमध्ये सेशनभर टिकणाऱ्या सेट आणि लिसन या कमांड चालणार नाहीत, तेव्हा कोडमध्ये त्या आधी शोधा. आणखी एक: लॅम्डा फंक्शन १५ मिनिटांपुढे चालत नाही. तुमचा रात्रीचा मोठा अहवाल त्याहून जास्त वेळ घेत असेल तर तो साध्या सर्व्हरवर, रांगेतून चालणाऱ्या वर्करकडे द्या.