लॅपटॉप ३०-३५ टक्के बॅटरी असतानाच अचानक बंद पडतो. दोष बॅटरीचा की मदरबोर्डचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लॅपटॉप चार वर्षांचा आहे. चार्जर काढून काम करताना बॅटरी ३४-३५ टक्के दिसत असते आणि कसलीही सूचना न येता स्क्रीन काळी होते. चार्जर जोडला की लॅपटॉप लगेच चालू होतो आणि टक्के पुन्हा ३३ च्या आसपासच दिसतात. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलंय.

मदरबोर्डवर पैसे घालण्याआधी थोडं थांबा. मी लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा संशय बॅटरीवर आहे. तो बरोबर आहे का, हे लॅपटॉप न उघडता तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

पण कुठलीही चाचणी करण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून नीट बघा. तळ फुगलाय का, चारही पाय टेबलाला टेकतात का, टचपॅड वर उचललं गेलंय का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का, झाकण बंद केल्यावर एका बाजूला फट राहते का? यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मग पुढचं काहीही करू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबून किंवा टोचून बघू नका आणि ती काढण्याचं काम जाणकाराकडे द्या. लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते, त्यामुळे इथे धोका पत्करू नका.

फुगवटा नसेल तर आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ३४ टक्के शिल्लक असताना मशीन बंद का पडावं?

स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो. बॅटरीच्या पॅकमध्ये वीज साठवणारे काही सेल आणि एक छोटी चिप असते. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा ती हिशोब ठेवते आणि त्यावरून शिल्लक किती ते सांगते. नुसत्या व्होल्टेजवरून शिल्लक ओळखणं कठीण असतं, कारण लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होताना ३ च्या आसपास येतो, पण मधल्या मोठ्या टप्प्यात त्याचं व्होल्टेज फारसं हलत नाही. हिशोब मात्र फक्त साठ्याचा आहे. तो साठा गरज पडेल तेव्हा झटक्यात बाहेर काढता येईल का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आणि जुन्या बॅटरीची खरी अडचण तिथेच असते. सेल जसजसा म्हातारा होतो तसतसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. टाकीत पाणी आहे, पण पाइपात क्षार साचलेत. नळ थोडासा उघडला तर धार ठीक येते, पूर्ण उघडला की दाब पडतो. बॅटरीतही तसंच होतं.

सोपे आकडे घेऊन बघा. तीन सेल एकापुढे एक जोडलेला पॅक आहे आणि ३५ टक्क्यांना तो साधारण ११ व्होल्ट देतोय. तुम्ही काही वाचत बसलाय तेव्हा मशीन ९-१० वॉट घेतं, म्हणजे करंट एका अँपिअरच्या आतच. आता तुम्ही एखादं जड अ‍ॅप उघडलं किंवा व्हिडिओ कॉल सुरू केला. प्रोसेसर टर्बोवर जातो, म्हणजे थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालतो, आणि क्षणभर सगळी मागणी ४५ वॉटपर्यंत चढते. करंट ४-५ अँपिअर. पॅकचा रोध नवेपणी ०.१५ ओहम असेल तर व्होल्टेज पाऊण व्होल्टच्या आतच घसरतं, काही बिघडत नाही. तोच रोध वाढून ०.५ ओहम झाला असेल तर घसरण अडीच व्होल्टच्या घरात जाते. ११ मधून ते गेले की उरले साडेआठ, म्हणजे सेलमागे ३ व्होल्टपेक्षाही कमी. एवढं खाली गेल्यावर संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं किंवा मशीनच कोसळतं. हे सगळं इतक्या कमी वेळात घडतं की विंडोजला सूचना द्यायलाही सवड मिळत नाही. तीनपैकी एकच सेल कमजोर असला तरी परिणाम हाच, कारण जोडणीत सगळ्यात दुबळा सेल आधी तळ गाठतो.

म्हणूनच तुम्ही लिहिलेली ‘टक्के पुन्हा ३३ च दिसतात’ ही गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे. बंद पडल्यावर आकडा एकदम ३-४ वर आला असता तर मी म्हटलं असतं की साठा खरोखरच संपला होता आणि चिपचा हिशोब चुकला होता. तुमच्याकडे साठा आहे, तो जोरात मागितला की मिळत नाही. आणखी एक खूण तपासा: बंद पडल्यावर चार्जर न लावता चार-पाच मिनिटं थांबून बटण दाबा. मशीन चालू झालं आणि हलकं काम करताना बराच वेळ टिकलं, तर भार हटल्यावर व्होल्टेज पुन्हा वर आलं असा त्याचा अर्थ. थंड खोलीत हा त्रास वाढतो का तेही आठवून पाहा. गारठ्यात सेलचा रोध आणखी चढतो.

आता बॅटरीचा अहवाल काढा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हे शब्द सलग टाइप करा (अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत: powercfg /batteryreport) आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं, ब्राउझरमध्ये उघडा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल तर बॅटरीत मूळच्या ६२ टक्केच जागा उरली आहे. चार्ज सायकलींची, म्हणजे बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण वापरून भरली गेली याची, संख्याही असते, मात्र काही मशीनवर ती नोंदलेली नसते. त्याखाली गेल्या काही दिवसांचा वापर वेळेनुसार दिसतो. त्यात मशीन अचानक गेलं तेव्हाची नोंद शोधा आणि आधीचे-नंतरचे टक्के जुळवून बघा. मॅकवर ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मधल्या ‘पॉवर’ विभागात सायकल आणि ‘कंडिशन’ दिसते. तिथे ‘सर्व्हिस रेकमेंडेड’ लिहिलं असेल तर मशीन स्वतःच सांगतंय.

पण या अहवालाबद्दल माझं ठाम मत आहे, आणि बरेच जण इथेच फसतात. अहवाल वाईट आला तर बॅटरी वाईट, हे खरं. अहवाल चांगला आला म्हणून बॅटरी चांगली, हे खरं नाही. फुल चार्ज कपॅसिटी हाही त्याच चिपचा अंदाज आहे आणि रोधाबद्दल अहवालात अवाक्षर नसतं. क्षमता ८० टक्के दाखवणारी बॅटरीही टर्बोच्या झटक्याला मान टाकते. मदरबोर्डचा निष्कर्ष बहुधा असाच निघतो: अहवालात बॅटरी ठीक दिसते, मग दोष बोर्डावर जातो.

खरा निकाल दोन चाचण्यांत लागतो. पहिली चार्जर लावून. लॅपटॉपचा मूळचा, पुरेशा वॉटचा चार्जर जोडा आणि अर्धा-पाऊण तास मशीनला भरपूर काम द्या: मोठा व्हिडिओ, बरेच टॅब, एखादा गेम, काहीही. चार्जरवर मशीन सहसा बॅटरीपेक्षा जास्तच वीज खेचतं आणि जास्तच तापतं. बोर्डात दोष असता किंवा गरम होऊन मशीन बंद पडत असतं, तर ते इथेही पडायला हवं. इथे ते तेवढा वेळ खणखणीत चाललं तर बोर्ड बहुतांशी निर्दोष. इथेही बंद पडलं, तळ भाजतोय, पंखा ओरडतोय, तर धूळ साफ करून प्रोसेसरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलण्याकडे आधी बघा. बॅटरीचा विषय तूर्त बाजूला.

दुसरी चाचणी बॅटरीवर. चालू असलेलं सगळं काम आधी सेव्ह करा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ असतं, त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’. बॅटरीपुढचा १०० चा आकडा ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण बहुतेक मशीनवर ९९ केलं की टर्बो बंद होतो आणि करंटचे झटके जातात. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा आणि स्क्रीनचा उजेड कमी करा. मग ४० टक्क्यांपासून खाली नेहमीसारखं काम करा. पूर्वी ३४ ला पडणारं मशीन आता १५-२० पर्यंत तग धरत असेल, तर तुमचं उत्तर मिळालं. बोर्ड तोच आहे, विंडोज तीच आहे, बदलली ती फक्त बॅटरीकडून होणारी मागणी.

टर्बो बंद करूनही फरक पडला नाही, पण लॅपटॉप उचलताना, कलता करताना किंवा तळाला हात लागताना तो बंद पडतोय असं जाणवलं, तर बॅटरीचा कनेक्टर सैल असू शकतो. ते काम मागचं झाकण उघडून कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवण्याइतकंच असतं.

‘कॅलिब्रेशन करा’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. पूर्ण चार्ज करा, तासभर तसंच ठेवा, मग बंद पडेपर्यंत वापरा आणि सलग पूर्ण चार्ज करा. यामुळे चिपचा हिशोब जाग्यावर येतो. टक्के ४० वरून एकदम ८ वर उडी मारत असतील तर जरूर करा. वाढलेला रोध मात्र याने कमी होत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला याच्याकडून फार आशा नाही. आणि महिन्याला बॅटरी पूर्ण रिकामी करण्याची सवय लावून घेऊ नका. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला उपाय आहे. लिथियमची त्याने झीजच होते.

नवी बॅटरी येईपर्यंत ९९ टक्क्यांची सेटिंग तशीच राहू द्या. त्याच अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’खाली आधी ‘लो लेव्हल’ ४५ आणि मग ‘क्रिटिकल लेव्हल’ ४० करा आणि क्रिटिकलला ‘हायबरनेट’ निवडा. मशीन धोक्याच्या टप्प्याआधीच काम जपून स्वतः झोपेल. लिहिता लिहिता फाइल अर्धवट तुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवूनच घ्या. फक्त लॅपटॉपचं मॉडेल सांगून घेऊ नका, एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. त्याच आकाराच्या पॅकवर मूळपेक्षा खूप जास्त वॉट-तास छापलेले दिसले तर ती टाळा, तेवढ्याच जागेत एवढा साठा बसत नाही. वापरलेली बॅटरी तर अजिबात नको. बसवल्यावर तोच अहवाल पुन्हा काढा: सायकली जवळपास शून्य हव्यात आणि दोन्ही क्षमता एकमेकींच्या जवळ. लो आणि क्रिटिकल लेव्हल पूर्वीसारख्या करा, एकदा कॅलिब्रेशन करा, प्रोसेसरची सेटिंग परत १०० करा. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच जोडलेला असतो असं असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का बघा. भरलेल्या अवस्थेत तापत पडून राहणं हेच बॅटरीला सर्वात लवकर म्हातारं करतं. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि समजा नव्या बॅटरीवरही मशीन त्याच टक्क्यांना, तसंच बंद पडलं, तर मग बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या भागाची तपासणी करायला सांगा. तेव्हाही आधी मोजमाप, मग बदल: भार असताना बॅटरीच्या कनेक्टरवर किती व्होल्ट येतात ते दाखवा म्हणावं. व्होल्टेज टिकून असताना मशीन बंद पडत असेल तर बोर्डावरचा संशय मीही मान्य करेन.