वाचकांचे प्रश्न : फ्लू नक्की, विषाणू अज्ञात

प्रश्न : अमेरिकन चार्टवर डॉक्टरांनी नुसतं 'इन्फ्लुएन्झा' लिहिलंय, चाचणी केलेली नाही. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीत) कोणता कोड लावायचा? 'संशयित फ्लू' लिहिलं असेल तरी तोच चालेल का?

उत्तर : पहिल्या चार्टला जे११.१. जे११ हा गट विषाणू ओळखला गेला नसेल तेव्हाचा आहे. निदानाबद्दल शंका असेल तेव्हाचा नाही. इथेच सर्वाधिक गल्लत होते. ओपीडीत 'संशयित' किंवा 'बहुधा' लिहिलं असेल तर फ्लूचा कोड लावूच नका. ताप असेल तर आर५०.९, खोकला असेल तर आर०५.९, अशी लक्षणंच कोड करा. भरती रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत मात्र शेवटचं निदान 'संभाव्य इन्फ्लुएन्झा' असेल, तर तो झाला आहे असं धरून जे११ लावतात. 'संभाव्य बर्ड फ्लू'लाही तिथे जे११च. जे०९ (बर्ड फ्लूसारखे ठरावीक विषाणू) आणि जे१० (ओळख पटलेले इतर फ्लू विषाणू) फक्त खात्रीच्या निदानासाठी राखीव आहेत. ती खात्री डॉक्टरांच्या शब्दांतून येते. त्यांनी 'इन्फ्लुएन्झा ए' असं निदान लिहिलं, तर लॅबचा कागद हातात नसला तरी जे१०. उलट, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे पण डॉक्टरांच्या नोंदीत फ्लूचा उल्लेखच नाही, तर स्वतः निदान ठरवू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा.

आता अंकांकडे नीट बघा. जे११.१ आणि जे११.२ चार अक्षर-अंकांत (जे धरून) पूर्ण होतात. जे११.० आणि जे११.८ अपुरे आहेत, त्यांना पुढे आणखी एक अंक लागतो. तसेच पाठवले तर विम्याचा क्लेम परत येतो. न्यूमोनिया कशाचा हे लिहिलं नसेल तर जे११.००. न्यूमोकोकस या जिवाणूचा असेल तर आधी जे११.०८, मग जे१३ (न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाचा कोड). हा क्रम उलटा करू नका, जे१३खाली फ्लूचा कोड आधी देण्याची सूचना आहे. मध्यकर्णदाह असेल तर जे११.८३, हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर जे११.८२. जे११.१ लावल्यावर घसादुखी, खोकला वेगळे कोड करायचे नाहीत. सायनसायटिस असेल तर त्याचा कोड मात्र जोडायचा.

प्रश्न : कल्चर रिपोर्टमध्ये 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी' आहे आणि डॉक्टरांनी त्याचाच न्यूमोनिया लिहिलाय. जे११.०८ बरोबर ना?

उत्तर : नाही, जे१४. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू आहे, फ्लूचा विषाणू नव्हे. १८९२ मध्ये जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ फायफर यांनी यालाच फ्लूचं कारण मानलं आणि नाव तसंच चिकटलं. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये. संसर्ग कुठे आहे हे लिहिलेलंच नसेल तर ए४९.२.

प्रश्न : 'स्टमक फ्लू' म्हणजे जे११.२ का?

उत्तर : नाही, तो आतड्याचा विषाणूसंसर्ग, ए०८.४. खऱ्या इन्फ्लुएन्झासोबत उलट्या-जुलाब असतील तरच जे११.२.