दत्तकाची नोंदणी केलीत, आता पुढे

‘कारा’च्या, म्हणजे देशातली दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर कागद चढवलेत ना, आता गृहभेटीला समाजसेविका येतील. घर चकाचक करण्यात जीव काढू नका. पगार, जुनं आजारपण, सासूबाईंची नाराजी, सगळं खरं सांगा; लपवलेलं नंतर निघतंच. यादीत नंबर यायला वर्षं जातात. मूल सुचवलं गेलं की मात्र ४८ तासांत ठरवायचं असतं, म्हणून दोघांनी काय ते आत्ताच बोलून घ्या. बाल न्याय कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो.

दत्तक असल्याचं मुलाला कधी सांगायचं? ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणणारे बरेच भेटतील. मला ते मुळीच पटत नाही. तोवर एखादी मावशी लग्नाच्या मांडवात बोलून मोकळी झालेली असते! अगदी तान्हेपणापासून झोपवताना गोष्ट सांगा: आम्ही तुला आणायला कसे गेलो, आजीनं कसं ओवाळलं. अर्थ नंतर कळेल, शब्द ओळखीचे होऊ देत. आणि ‘केवढं पुण्याचं काम केलंत!’ म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे, मुलासमोरच थांबवा. रुसले तर रुसले.